सागवानी पलंग जाईल, सोफा इथेच राहील: पुण्यातून घरसामान परदेशी पाठवण्याच्या सेवेचं परीक्षण

पुण्यातून परदेशी घर हलवणारे मूव्हर्स जे विकतात ती 'दारापासून दारापर्यंत' सेवा. कोथरूडच्या फ्लॅटमधून सामान बांधून न्यायचं, न्हावा शेवाहून बोटीत चढवायचं आणि तिकडच्या घरात उतरवून द्यायचं. आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. पुण्याकडचं काम बहुतेक ठिकाणी चांगलं होतं, पॅकिंग करणारी पोरं हुशार असतात. कोटेशन मात्र अर्धवट असतं आणि उरलेला अर्धा भाग तिकडच्या बंदरात उगवतो. शिवाय ही सेवा 'सगळं घर' पाठवायला घेतली तर बहुतेक वेळा तोट्याची, निवडक सामानासाठी घेतली तर पैसा वसूल.

इथे वजनाला फार किंमत नाही, जागेला आहे. सर्व्हेला येणारा माणूस खोलीभर नजर फिरवून 'साधारण बारा सीबीएम होईल' म्हणतो. सीबीएम म्हणजे घनमीटर, म्हणजे ३५.३ घनफूट. एक टन वजन किंवा एक घनमीटर जागा यांतलं जे जास्त त्यावर भाडं लागतं आणि घरगुती सामानात जागाच जिंकते. त्यामुळे पोकळ वस्तू म्हणजे हवेचं भाडं.

तीन सीटचा सोफा घ्या. लांबी ८४ इंच, खोली ३६, उंची ३४. हे झाले १.६८ घनमीटर. पण तो नुसता जात नाही. बबल रॅप, कोरुगेटेड रोल, कोपऱ्यांना पट्ट्या असं चढवल्यावर प्रत्येक माप सुमारे चार इंचांनी वाढतं: ८८, ४०, ३८. आता घनमीटर २.१९. चार-चार इंचांनी जागा तब्बल ३० टक्के वाढली आणि भाडं या दुसऱ्या आकड्यावर लागतं. समजा दारापासून दारापर्यंतचा दर सीबीएमला २५,००० रुपये आला, तर या एका सोफ्याला ५४,७५० रुपये पडले. त्याच्या शेजारी सागवानी क्वीन पलंग ठेवून बघा. उशाकडची फळी, पायथा, दोन बाजूपट्ट्या, आडव्या फळ्या सुट्या करून एकावर एक रचल्या तर पॅकिंगसह जेमतेम अर्धा घनमीटर, म्हणजे १२,५०० रुपये. अठरा बाय बारा बाय बारा इंचांची पुस्तकांची खोकी एका घनमीटरमध्ये तेवीस बसतात, म्हणजे खोक्यामागे अकराशेच्या आत. हाच हिशोब घरातल्या प्रत्येक वस्तूला लावा: भाडं भागिले तिकडे तशीच वस्तू घ्यायची किंमत. उत्तर अर्ध्याच्या वर गेलं की ती वस्तू इथेच ठेवायची.

सोफा, रिक्लायनर, गादी, बीन बॅग, प्लास्टिकच्या खुर्च्या यांना या हिशोबात जागाच नाही. गादीची तर वेगळीच गंमत. आपल्याकडे ७२ बाय ७८ किंवा ६० बाय ७८ इंच चालतं, कुठे कुठे ७२ बाय ७२ सुद्धा. अमेरिकेत क्वीन ६० बाय ८०, ब्रिटनमध्ये किंग १५० बाय २०० सेंटिमीटर, जर्मनीत १४०, १६० किंवा १८० रुंदीला २०० लांबी. पलंग इथला नेला तर तिकडची गादी दोन इंच बाहेर येते किंवा कडेला फट राहते. म्हणून पलंग पाठवायचाच असेल तर पायथा सुताराकडून मागे सरकवता येतो का हे इथेच पाहून घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास असं काम करणारे सुतार सापडतात, तिकडे तेच काम करून घ्यायला घाम फुटेल.

प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डाच्या फर्निचरबद्दल मूव्हर्स स्पष्ट बोलत नाहीत, कारण त्यांना जागा विकायची असते. हायड्रॉलिक बेड, ड्रेसिंग टेबल, मॉड्युलर कपाट ही एकदा जोडायची वस्तू आहे. पार्टिकल बोर्डातला स्क्रू काढून परत बसवला की पकड जाते, पाट्या जोडणाऱ्या मिनीफिक्स स्क्रूंची भोकं भुसभुशीत होतात. त्यात कंटेनरमधला घाम. दिवसा डेकवर तापलेला पत्रा रात्री गार होतो, आतल्या हवेतली वाफ छताला थेंब धरते आणि ते थेंब खाली पडतात. बोर्डाची कड एकदा ओली झाली की फुगते ती फुगतेच. आणि सुताराने जागेवर बसून फेविकॉल-खिळ्यांनी ठोकलेलं कपाट तर सुटतच नाही. ते भिंतीसकट विकायचं.

लोखंडी कपाट, ज्याला कोणत्याही कंपनीचं असलं तरी आपण गोदरेजचंच म्हणतो, ७८ बाय ३६ बाय १९ इंचांचं, पाऊण घनमीटरच्या वर. अमेरिकेत बहुतेक घरांत भिंतीत क्लोझेट असतात, तिथे ते अडगळ. जर्मनीत उलट. भाड्याच्या घरात भिंतीतली कपाटं नसतात, अनेकदा स्वयंपाकघराचा ओटा आणि सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू उचलून नेतो. तिथे कपाट लागतंच, पण सुटं होणारं हवं, कारण जुन्या इमारतींचे जिने अरुंद असतात. ब्रिटनमध्ये भाड्याची बरीच घरं फर्निचरसह मिळतात. म्हणजे पुण्यात बसून काय पाठवायचं हे ठरवण्याआधी घराचा भाडेकरार नाहीतर निदान जाहिरातीतले फोटो हातात हवेत.

मग पाठवायचं काय? अस्सल सागवान, पितळ-तांबं, पुस्तकं, आणि जे तिकडे मिळतच नाही ते. पुरणयंत्र, पाट, चौरंग, देव्हारा, तुळशीबागेतले पितळी डबे, घंगाळ, परात. ही सगळी भरीव आणि एकात एक बसणारी. घंगाळात डबे, डब्यांत वाट्या-भांडी, मधे वर्तमानपत्राचा कोरा कागद. छापील कागद नको, शाई पितळेवर उतरते. मिक्सरचं मात्र भान ठेवा. आपले २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलियात चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. तिथे मिक्सर, ओला ग्राइंडर नेऊ नका. मोठा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा तिकडचाच मिक्सर घ्या.

शिसवी फर्निचर हा स्वतंत्र विषय, कारण पेठांतल्या जुन्या घरांत ते हमखास असतं आणि मूव्हर्स त्याबद्दल शेवटच्या दिवसापर्यंत गप्प असतात. शिसव आणि शिसू दोन्ही डल्बर्जिया या वनस्पती-वंशातली. २०१७ पासून हा संपूर्ण वंश सायटिस, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराला परवान्याचं बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, आपली झाडं दुसऱ्या परिशिष्टात. तयार वस्तूत त्या लाकडाचं वजन दहा किलोपर्यंत असेल तर सूट आहे आणि ही मर्यादा प्रत्येक वस्तूला वेगळी धरायची, हे २०२२ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे शिसवी पाट, डबी, लहान चौरंग बिनघोर. पण झोपाळ्याची फळी? सहा फूट बाय दोन फूट, दीड इंच जाड. दीड घनफूट लाकूड, वजन ३५ किलोच्या आसपास. इथे कागदाचा प्रश्न उभा राहतो. स्थलांतर करणाऱ्याच्या घरगुती सामानाला सवलतीची तरतूद आहे, पण सगळे देश ती सारखी लावत नाहीत. मूव्हरकडून लेखी उत्तर घ्या: या वस्तूला परवाना लागतो का, लागत असेल तर कोण काढणार. 'बघू, होऊन जाईल' हे उत्तर नाही. पॅकिंग लिस्टमध्ये 'लाकडी फळी' असं मोघम लिहून निभावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मूव्हर बदला.

झोपाळा पाठवायचा तर एक साधी गोष्ट आधी विचारा: टांगणार कुठे? वाड्यात तुळई असते, फ्लॅटमध्ये स्लॅबला हूक असतात. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरात छताला जिप्सम बोर्ड, वर दर १६ किंवा २४ इंचांवर जॉइस्ट, म्हणजे लाकडी तुळया. नुसत्या बोर्डात हूक गेला तर माणसासकट खाली. भाड्याच्या घरात घरमालक भोक पाडू देणार नाही, मग सुटा स्टँड लागतो आणि तो कड्यांच्या लांबीला बसत नाही. पितळी कड्या आणि फळी न्या, स्टँड तिकडे बनवून घ्या, किंवा झोपाळा भावाकडे ठेवा.

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांचा कोरीव देव्हारा, जुनी पंचधातूची मूर्ती अशा गोष्टी जुन्या दिसतात पण तितक्या जुन्या नसतात. तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला काढून ठेवावा. चंदन आणि हस्तिदंताचं काहीही सामानात नको. मोरपिसांचा पंखा नको.

आता तिकडच्या सीमाशुल्काकडे. लोक सगळ्यात मोठी चूक इथे करतात आणि ती चूक पुण्यातच होते. 'तिकडे महाग आहे, इथूनच नवीन घेऊन जाऊ' म्हणून जाण्याआधी महिनाभर नवा सागवानी सेट करून घेतात. करमाफी वापरलेल्या सामानाला असते. ब्रिटन आणि युरोपीय संघात वस्तू किमान सहा महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात हवी, शिवाय तुम्ही सलग बारा महिने त्या देशांबाहेर राहिलेले हवेत. अमेरिकेत घरगुती सामान किमान एक वर्ष वापरलेलं हवं. नव्या सेटवर कर लागतो, वर तपासणीचा खर्च. जुनी बिलं फाइलला लावून ठेवा.

ब्रिटनसाठी ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचा, म्हणजे याच करमाफीचा ऑनलाइन अर्ज सामान पोचण्याआधी मंजूर झालेला असावा. अमेरिकेसाठी सीमाशुल्क खात्याचा फॉर्म ३२९९, शिवाय समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची आगाऊ माहिती बोटीत चढवण्याच्या २४ तास आधी द्यावी लागते. ती चुकली तर दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ती कोण भरणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. कॅनडात विमानतळावर पहिल्यांदा उतरताच 'मागून येणारं सामान' ही यादी बीएसएफ१८६ फॉर्मसोबत दाखवून शिक्का घ्यायचा. यादी विसरून नुसतं बाहेर पडलात तर पुढे कटकट आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक, आणि तिथे त्यांचा मुद्दा बरोबरही आहे. ऑस्ट्रेलियाचा सामानाचा फॉर्म बी५३४ भरताना खोटं लिहू नका. लाकूड, बांबू, वेत, सुपं, केरसुण्या, सायकलचे टायर, बागकामाची हत्यारं, पाटा-वरवंट्याच्या खाचांतली माती हे सगळं तपासलं जातं. लाकडाखाली ताजं पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा जिवंत आहे असं धरतात आणि धुरी तुमच्या खर्चाने. बांधण्याआधी प्रत्येक लाकडी वस्तू उलटी करून टॉर्चने खालची बाजू पाहा, भोकं दिसली तर पांढऱ्या कागदावर दोन दिवस ठेवा. कागदावर पीठ पडलं तर ती वस्तू ऑस्ट्रेलियाला पाठवू नका. पुण्यातून धुरी देऊन पाठवायची असेल तर ती प्लास्टिक गुंडाळण्याआधी व्हावी, कारण घट्ट प्लास्टिकच्या आत गॅस पोचत नाही. मसाले, पापड, लोणचं, कडधान्यं कंटेनरमध्ये नकोतच. एका पिशवी मेतकुटापायी सगळी खोकी उघडली जातात.

बाहेरच्या लाकडी क्रेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि 'एचटी' ही अक्षरं उमटवलेली आहेत का ते बघा. हा आंतरराष्ट्रीय आयएसपीएम १५ नियम, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवल्याची खूण. प्लायवूडच्या पेटीला ती लागत नाही, पण तळाच्या लाकडी पट्ट्यांना लागते.

कोटेशन वाचायची रीत सांगतो. एकूण रकमेकडे नंतर बघा, आधी 'समाविष्ट नाही' हा परिच्छेद. तिथे तिकडच्या बंदराचे हाताळणी शुल्क, कागदपत्रांचं शुल्क, सीमाशुल्क तपासणी, क्वारंटाइन, गोदामभाडं, जिना, लांबवर उचलून नेणं, पार्किंग परवाना अशी नावं सापडतील. 'तिकडचे हाताळणी शुल्क धरलं आहे' एवढं एक वाक्य लेखी मिळत नसेल तर ते कोटेशन स्वस्त नाही, अपुरं आहे. यातले बरेच खर्च सामान कितीही असो, एकरकमी लागतात. म्हणून दीड सीबीएम पाठवणाऱ्याला दर घनमीटरमागे सगळ्यात महाग पडतं. तीन ते आठ सीबीएम हा भागीच्या, म्हणजे इतरांच्या सामानासोबत जाणाऱ्या कंटेनरसाठी बरा पट्टा. वीस फुटी कंटेनरची आतली जागा ३३ घनमीटर, प्रत्यक्षात भरता येते २५ ते २८. सामान १५ च्या पुढे गेलं तर पूर्ण कंटेनरचं कोटेशनही मागवा, अनेकदा फरक थोडाच निघतो. आणि शंभर किलोच्या आतलं सामान असेल तर बोट सोडा. विमानाच्या बॅगा बघा, एक बॅग ३२ किलोच्या वर आणि तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या वर साधारण चालत नाही. हवाई मालाला सेंटिमीटरची मापं गुणून ६,००० ने भागतात, म्हणजे एक घनमीटर १६७ किलो धरला जातो. उशा विमानाने पाठवणारा माणूस त्यामुळेच पस्तावतो.

भागीच्या कंटेनरमध्ये आणखी एक मेख. सामान प्लायवूडच्या मोठ्या पेटीत, लिफ्टव्हॅनमध्ये भरतात. दर तुमच्या सामानाच्या घनमीटरवर की पेटीच्या बाहेरच्या मापावर? चार सीबीएमचं सामान साडेपाचच्या पेटीत गेलं तर दीड घनमीटर पोकळीचं भाडं कोण देतं, हे आधी विचारा. फोनवर व्हिडिओ बघून केलेल्या सर्व्हेत माळा आणि बाल्कनी हमखास सुटतात. माणूस घरी येऊन मोजून गेलेला बरा, आणि त्याच्या यादीची प्रत तुमच्याकडे हवी.

पॅकिंगच्या दिवशी पेठेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, कंटेनरचा ट्रेलर सदाशिव पेठेच्या गल्लीत येत नाही. सामान छोट्या हत्तीतून गोदामात जातं आणि तिथे भरलं जातं. एक चढउतार जास्त, म्हणून काचा आणि संगमरवर यांना स्वतंत्र पेटी. सोसायटी असेल तर लिफ्ट आणि गेटची परवानगी आदल्या दिवशीच. लाकडावर पहिला थर कागदाचा किंवा फोमचा, मग बबल. बबल रॅप थेट पॉलिशला लागला तर उन्हात तापून गोल गोल ठसे उठतात आणि ते पुसून जात नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात बांधायचं असेल तर दमट लाकूड प्लास्टिकमध्ये कोंडलं जातं, बुरशी धरते. पॅकिंगआधी दोन दिवस पंख्याखाली ठेवा आणि पेटीत ओल शोषणाऱ्या पिशव्या मागा. नटबोल्ट झिप पिशवीत घालून त्याच सांगाड्याला बांधायचे, वेगळ्या खोक्यात नाही. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीवर तोच आकडा लिहायचा.

सागवान असो की शिसव, हीटर लावलेल्या कोरड्या घरात लाकूड आडवं आकसतं. पहिल्या हिवाळ्यात फळीला चीर गेली, सांधा सैल झाला तर तो मूव्हरचा दोष नाही. पलंग रेडिएटरपासून लांब ठेवायचा, खोलीत पाण्याचं भांडं ठेवायचं, आणि पॅनेल चौकटीत सैल आहे ना हे इथेच सुताराला विचारायचं.

विम्यात 'ऑल रिस्क' घ्या, पण अट वाचा. तुम्ही स्वतः बांधलेल्या खोक्यांवर यादीत 'मालकाने बांधलेलं' असं लिहिलं जातं आणि आतली मोडतोड बहुधा भरून मिळत नाही, फक्त आख्खं खोकं हरवलं तर. 'जोडी आणि संच' कलम नसेल तर सहा खुर्च्यांतली एक मोडल्यावर एकीचेच पैसे मिळतात. आणि विमा अजिबात नसेल तर दुसऱ्याच धोक्यात सापडाल. बोट वाचवायला खर्च झाला तर बोटीचा मालक 'जनरल अॅव्हरेज' जाहीर करतो आणि प्रत्येक मालधनीला वाटा द्यावा लागतो. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या बोटीच्या बाबतीत हेच झालं. सामान शाबूत, तरी हमी भरल्याशिवाय ताबा नाही.

वेळेबद्दल मूव्हर जे सांगतो त्यात चार आठवडे घाला. भागीच्या कंटेनरने युरोपला दारात पोचेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, कारण गोदामात कंटेनर भरायची वाट बघितली जाते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून बोटी जाऊ लागल्यावर अंतर आणखी वाढलं. तोवर जमिनीवर झोपणार नाही, म्हणजे गादी आणि एक टेबल पहिल्याच आठवड्यात विकत घ्यावं लागतं. ते घेतलंच आहे तर त्याच वस्तू कंटेनरमध्ये कशाला?

जे राहणार ते विकायला निघण्याच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. सोसायटीच्या ग्रुपवर सोफा आणि फ्रिज लगेच जातात, पलंग आणि कपाट उशिरा, कारण घेणाऱ्याला सुतार आणि टेम्पो दोन्ही लागतात. 'सुटं करून देऊ' एवढं लिहिलंत तर फोन वाढतात. शेवटच्या आठवड्यात उरलेलं जुन्या बाजारवाल्याला द्यायचं आणि भाव विचारायचा नाही.

सामान पोचल्यावर सही करायच्या कागदावर, सही करण्याआधी, मोडलेल्या खोक्यांचे नंबर हाताने लिहा आणि खोकं न उघडता त्याचा फोटो घ्या. उतरवणारी माणसं घाईत असतात, ती 'नंतर मेल करा' म्हणतील. कागदावर नसलेल्या नुकसानीचा दावा पुढे टिकवणं फार अवघड जातं.